संमोहनाची किल्ली शोधणारा गोमंतकीय

पणजीत मांडवीच्या काठाने चालत गेले की जुन्या सचिवालयाच्या शेजारी एक पुतळा दिसतो. लांब झगा घातलेला एक उंच पुरुष दोन्ही हात पुढे पसरून उभा आहे आणि त्याच्या पुढ्यात एक स्त्री मागे कलंडते आहे. सुट्टीत मुंबईहून आलेले पर्यटक तिथे थांबतात, फोटो काढतात आणि हा कुणी मांत्रिक असावा असे समजून पुढे जातात. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ मध्ये उभा राहिला. तो आहे आबे फारिया यांचा. ‘आबे’ हे फ्रेंच भाषेत धर्मगुरूला लावायचे संबोधन. गोव्याच्या कांदोळी गावात जन्मलेल्या या माणसाने संमोहनाला जादूटोण्यातून बाहेर काढून मानसशास्त्राच्या वाटेवर आणून सोडले. गंमत अशी की पुतळ्यात जे दिसते, म्हणजे संमोहकाच्या हातातून निघणारी शक्ती, नेमके तेच त्यांनी आयुष्याच्या अखेरीस ठामपणे नाकारले होते.

जुझे कुश्तोदियु द फारिया यांचा जन्म मे १७५६ मध्ये बार्देश तालुक्यातल्या कांदोळी गावी, आजोळच्या घरी झाला. घराणे मूळचे सारस्वत. पूर्वज अनंत शेणवी यांनी सोळाव्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारला, असे सांगतात. वडील कायतान व्हितोरिनु कोलवाळचे. धर्मगुरू होण्यासाठीचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी लग्न केले होते. आई रोझा मारिया कांदोळीची. पुढे नवरा-बायकोचे पटेना. चर्चच्या परवानगीने दोघे वेगळे झाले. वडिलांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली, तर आई जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात जोगीण झाली. मुलगा वडिलांकडे राहिला.

१७७१ च्या फेब्रुवारीत बापलेक जहाजाने गोव्याहून निघाले आणि नऊ महिन्यांनी लिस्बनला उतरले. जुझे तेव्हा पंधरा वर्षांचा होता. पोर्तुगालच्या राजाने दोघांना रोमला शिकायला पाठवले. तिथे जुझेने धर्मशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि १७८० मध्ये तो धर्मगुरू झाला. त्याचा एक प्रबंध पोपना अर्पण केलेला होता आणि पोपच्या सिस्टाइन चॅपेलमध्ये प्रवचन देण्याचा मानही त्याला मिळाला. गोव्यातल्या मुलासाठी ही मजल फार मोठी होती.

लिस्बनला परतल्यावरची एक आख्यायिका गोव्यात आजही घरोघरी सांगितली जाते. राणीसमोर प्रवचन द्यायला तरुण फारिया उभा राहिला. समोर दरबारी मंडळींची गर्दी. त्याची बोबडी वळली, शब्द फुटेना. तेव्हा जवळ बसलेले वडील हळूच कोकणीत पुटपुटले. समोर बसली आहे ती सगळी भाजी समज आणि चिरायला घे, अशा अर्थाचे ते बोलणे होते. पोराची भीती क्षणात पळाली आणि प्रवचन सुरळीत पार पडले. हा प्रसंग जसाच्या तसा घडला असेल किंवा नसेल. पण गोवेकरांनी तो जपून ठेवला, कारण फारियांच्या पुढच्या सगळ्या कामाचे सार त्यात आहे. वडिलांच्या शब्दांत काही दैवी बळ नव्हते. बोलण्याचे सामर्थ्य मुलातच होते. एका शब्दाने त्याचा बांध मोकळा झाला, इतकेच.

दरम्यान गोव्यात वातावरण तापले होते. चर्च आणि सरकार या दोन्हीकडे वरच्या जागा गोऱ्यांना मिळत आणि शिकल्यासवरल्या स्थानिक धर्मगुरूंना डावलले जाई. या असंतोषातून १७८७ मध्ये कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा उठावाचा कट शिजला आणि फुटलाही. सत्तेचाळीस जणांची धरपकड झाली, पंधरा जणांना फासावर चढवले गेले. लिस्बनमधल्या फारिया पिता-पुत्रांवरही संशयाची सावली पडली. १७८८ मध्ये जुझे फारिया पॅरिसला निघून गेले. पुढच्याच वर्षी तिथे राज्यक्रांतीचा भडका उडाला. त्या धामधुमीतही ते स्वस्थ बसले नाहीत. १७९५ मध्ये सत्ताधारी कन्व्हेन्शनविरुद्धच्या उठावात एका तुकडीचे नेतृत्व त्यांनी केले.

फारिया ज्या पॅरिसमध्ये आले, तिथे एका नव्या उपचाराने आधीच धुमाकूळ घातला होता. व्हिएन्नाचे डॉक्टर फ्रान्झ मेस्मर १७७८ मध्ये पॅरिसला आले होते. सर्व विश्वात आणि माणसाच्या शरीरात एक अदृश्य चुंबकी द्रव वाहतो, तो अडला की आजार होतो आणि आपण तो पुन्हा वाहता करू शकतो, असा त्यांचा दावा. लोखंडी सळ्या बसवलेल्या मोठ्या पिंपाभोवती रोग्यांना बसवले जाई. काही रडत, काही हसत, काहींना झटके येत आणि मग बरे वाटे.

१७८४ मध्ये राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिये होते. समितीने केलेली एक चाचणी आजही शिकवावी अशी आहे. बागेतल्या एकाच झाडात चुंबकी शक्ती भरली गेली आणि डोळे बांधलेल्या एका बारा वर्षांच्या मुलाला एकेका झाडाजवळ नेले गेले. मुलगा बेशुद्ध पडला, पण भलत्याच झाडाजवळ. समितीने निष्कर्ष काढला की द्रव वगैरे काही नाही, हा सारा कल्पनेचा खेळ आहे. विषय तिथेच संपवला गेला. कल्पनेने जर माणूस बेशुद्ध पडत असेल, तर ती कल्पना नेमके काय करते आणि कुणाच्या बाबतीत करते, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. तो विचारायला पुढे एक गोमंतकीय यावा लागला.

त्याच वर्षी मेस्मर यांचे शिष्य मार्की द प्युइसेग्युर यांना आपल्या जहागिरीतल्या व्हिक्टर रास या शेतकऱ्यावर उपचार करताना एक वेगळीच गोष्ट दिसली होती. झटके येण्याऐवजी तो शांत झोपी गेला आणि त्या झोपेतच नीट बोलू लागला, प्रश्नांना उत्तरे देऊ लागला. जागे झाल्यावर त्याला काहीच आठवेना. फारियांनी ही विद्या प्युइसेग्युर यांच्याकडूनच घेतली आणि गुरूचा मान शेवटपर्यंत ठेवला.

सुरुवातीला फारियाही चुंबकी शक्तीवर विश्वास ठेवणारेच होते. शातोब्रियाँ या फ्रेंच लेखकाने आपल्या आठवणींत त्यांची चेष्टा केली आहे. एका मेजवानीत फारियांनी केवळ चुंबकी शक्तीने एक छोटा पक्षी मारून दाखवण्याची बढाई मारली. पक्ष्याला काहीच झाले नाही आणि फारियांनाच काढता पाय घ्यावा लागला. हा प्रसंग त्यांच्या मोठेपणाला शोभणारा नाही. मात्र पुढे ते कुठून कुठे पोहोचले, हे समजण्यासाठी तो लक्षात ठेवायला हवा.

१८११ मध्ये फारिया मार्सेय येथे तत्त्वज्ञान शिकवू लागले. तिथल्या वैद्यकीय मंडळाने त्यांना सदस्यत्व दिले. पुढे नीम शहरात बदली झाली. १८१३ मध्ये ते पॅरिसला परतले आणि त्या ऑगस्टपासून क्लिशी रस्त्यावरच्या एका सभागृहात दर गुरुवारी जाहीर प्रयोग करू लागले. प्रवेश फी पाच फ्रँक. सावळा वर्ण, उंच बांधा, पिकू लागलेले केस आणि धर्मगुरूचा वेश. पॅरिसकर नुसते बघायलाही गर्दी करत.

पण आत जे घडे ते साधेच होते. पिंप नाही, सळ्या नाहीत, अंगावरून हात फिरवणे नाही. फारिया समोरच्या माणसाला आरामात बसवत, डोळे मिटायला आणि मन झोपेवर एकाग्र करायला सांगत. थोड्या वेळाने ठाम आवाजात झोपण्याची आज्ञा देत. झोप लागली नाही तर आज्ञा आणखी दोन-तीनदा देत. तरीही जमले नाही तर उघडा तळहात हळूहळू डोळ्यांसमोर आणत. एवढ्यानेही काही झाले नाही तर हा माणूस या झोपेला योग्य नाही, असे सांगून मोकळे होत. झोप लागलेल्या माणसाला पाण्याचा पेला देऊन त्यात मद्य असल्याचे सांगितले की त्याला मद्याची चव येई. जागे झाल्यावर अमुक एक कर, असे झोपेत सांगितले की तो ते करी आणि का करतो आहोत हे त्याचे त्यालाच कळत नसे.

या प्रयोगांतून फारियांनी काढलेला निष्कर्ष त्या काळाच्या मानाने धाडसी होता. संमोहकाकडून समोरच्याकडे काहीही जात नाही. ना द्रव, ना इच्छाशक्ती, ना आणखी काही. जे घडते ते सारे झोपणाऱ्याच्या मनात घडते. झोपवणारा फक्त त्याचे मन एकाग्र व्हायला मदत करतो. म्हणून फारियांनी संमोहकासाठी ‘एकाग्र करणारा’ अशा अर्थाचा नवा शब्द वापरला.

यातून पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. शक्ती झोपवणाऱ्याची असती तर ती सर्वांवर सारखीच चालली असती. मग एकाच आज्ञेने एक माणूस मिनिटभरात झोपतो आणि शेजारचा टक्क जागा राहतो, हे कसे? उत्तर त्या दोन माणसांमधल्या फरकातच शोधायला हवे. माणसे जन्मतः आणि स्वभावतः एकमेकांपासून कशी वेगळी असतात, हा प्रश्न पुढे व्यक्तिमत्त्वाच्या मानसशास्त्राचा पाया ठरला. फारियांनी आपल्या ग्रंथाच्या नावात ‘सजग झोपेचे कारण’ या शब्दांना ‘मनुष्यस्वभावाचा अभ्यास’ अशी जोड दिली, ती उगाच नव्हे.

प्रश्न अचूक होता, उत्तर मात्र चुकले. ज्यांचे रक्त पातळ त्यांना ही झोप पटकन लागते, असे फारियांना वाटे. थोडे रक्त काढले तर न झोपणाराही झोपू लागतो, असेही त्यांनी लिहून ठेवले. शरीरातल्या द्रवांवरून स्वभाव ठरवण्याची ही परंपरा ग्रीकांच्या चार रसांइतकी जुनी आहे. आपल्याकडच्या वात-पित्त-कफ प्रकृतीचा विचारही त्याच जातकुळीचा. फारियांनी मेस्मर यांचा द्रव हद्दपार केला, पण त्यांच्या शास्त्रातून द्रव पुरता गेला नाही.

त्यांचा घात मात्र या चुकीने केला नाही. तो केला हशाने. एका जाहीर प्रयोगात एका नटाने झोपल्याचे सोंग केले आणि ऐनवेळी डोळे उघडून त्यांना सर्वांसमोर तोंडघशी पाडले, असे सांगतात. १८१६ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर चुंबकवेड्यांची टर उडवणारे एक प्रहसन आले आणि त्यातले मुख्य पात्र फारियांवर बेतलेले असल्याचे सर्वांनी ओळखले. गर्दी ओसरली. चर्चमधल्या मंडळींना त्यांचे प्रयोग सैतानी वाटत, चुंबकवाद्यांना ते फितूर वाटत आणि विद्वानांच्या लेखी ते भोंदू ठरले. आपल्या अंगी कोणतीही शक्ती नाही, असे सांगणारा माणूस शक्तीचे खोटे दावे करणारा म्हणून बदनाम झाला.

उरलेले दिवस त्यांनी एका मठात साधे धर्मगुरू म्हणून काढले आणि लिहिणे चालू ठेवले. नियोजित चार खंडांपैकी पहिला १८१९ मध्ये छापून झाला. त्याच वर्षी २० सप्टेंबरला पक्षाघाताने त्यांचा मृत्यू झाला. मोंमार्त्र भागात त्यांचे दफन झाले. थडग्यावर नावाची पाटीही नव्हती. पंचवीस वर्षांनी अलेक्झांडर द्युमा यांच्या ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ या कादंबरीत समुद्रातल्या तुरुंगात खितपत पडलेला आबे फारिया अवतरला आणि जगभर पोहोचला. तो इटालियन आहे आणि कल्पित आहे. नाव अमर झाले, पण त्या नावामागचा कांदोळीचा माणूस आणखी पुसला गेला.

विचार मात्र मेला नाही. नोइझे आणि बेर्त्रां या त्यांच्या दोन फ्रेंच वाचकांनी तो पुढे नेला. १८४३ मध्ये मँचेस्टरचे डॉक्टर जेम्स ब्रेड यांनी या अवस्थेला ‘हिप्नॉटिझम’ या नावाने पुस्तकात मांडले. फ्रान्समध्ये नान्सी शहराजवळचे डॉक्टर लिएबो शेतकऱ्यांवर केवळ शब्दांच्या सूचनेने उपचार करू लागले. त्यांच्याकडून प्राध्यापक बर्नहाइम शिकले. सूचना स्वीकारणे हा मनाचा सर्वसाधारण गुण आहे, असे त्यांचे मत होते आणि ते फारियांच्या निष्कर्षाच्या अगदी जवळचे होते.

१८८९ मध्ये व्हिएन्नाचा एक तरुण डॉक्टर बर्नहाइम यांचे प्रयोग पाहायला नान्सीला आला. त्याचे नाव सिग्मंड फ्रॉइड. संमोहनात घडलेले रोग्याला जागेपणी आठवत नसे, पण बर्नहाइम यांनी कपाळावर हात ठेवून आग्रह धरला की ते हळूहळू आठवू लागे. आठवण नष्ट झालेली नसते, ती फक्त आपल्या हाताशी नसते, हे फ्रॉइड यांच्या मनात ठसले. पुढे त्यांनी संमोहन सोडले, रोग्याला मनात येईल ते बोलू द्यायची पद्धत आणली आणि माणसाच्या व्यक्तिमत्त्वाचा बराचसा भाग त्याच्या स्वतःच्याच नजरेआड असतो, हा सिद्धांत उभारला. फारियांनी व्यक्तिमत्त्वाचा सिद्धांत मांडला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण कारण न कळता काम करणारी माणसे त्यांनी दर गुरुवारी भर सभेत दाखवली होती.

त्यांचा दुसरा प्रश्न, म्हणजे कुणाला झोप लागते आणि कुणाला नाही, विसाव्या शतकात मोजपट्टीखाली आला. अमेरिकेत क्लार्क हल यांनी १९३३ मध्ये सूचनाक्षमतेवर प्रयोगाधारित ग्रंथ लिहिला. १९५९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात आंद्रे वाइट्झनहोफर आणि अर्नेस्ट हिलगार्ड यांनी बारा छोट्या कसोट्यांची मोजपट्टी तयार केली. तिच्यात दिसले की फार थोडे लोक खोल संमोहनात जातात, थोडे अजिबात जात नाहीत आणि बहुतेक जण मधल्या पायरीवर असतात. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पन्नास माणसांना पंचवीस वर्षांनी पुन्हा तपासले गेले, तेव्हा त्यांचे गुण बऱ्याच अंशी पूर्वीसारखेच निघाले. म्हणजे संमोहित होण्याची क्षमता हा माणसाचा टिकाऊ गुण आहे. रक्ताच्या पातळपणाशी त्याचा संबंध नाही. दुबळेपणाशी किंवा बावळटपणाशीही नाही. एखाद्या गोष्टीत, वाचनात किंवा संगीतात तल्लीन होण्याच्या स्वभावाशी त्याचा थोडाफार संबंध आढळतो, तोही माफकच.

आजच्या वाचकाला याचा उपयोग काय? मुंबईच्या उपनगरांतल्या सभागृहांत आजही संमोहनाचे खेळ होतात आणि प्रेक्षकांतून हौशीने वर गेलेला माणूस कच्चा बटाटा सफरचंद समजून खातो. ही कलाकाराच्या डोळ्यांतली शक्ती वाटते. प्रत्यक्षात आधी हात वर करणारे निवडले जातात, मग त्यांतून सहज प्रतिसाद देणारे. शक्ती त्यांच्याच मनाची असते. डोळ्यांत पाहून कुणाचेही मन ताब्यात घेतो, असे सांगणाऱ्या बाबाचा दावा फारियांनी दोनशे वर्षांपूर्वीच खोडून काढला आहे.

प्रशिक्षित डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ वेदना, दंतवैद्यकातली भीती, दीर्घकाळ चिघळलेला आतड्यांचा विकार अशा तक्रारींत इतर उपचारांच्या जोडीला संमोहन वापरतात आणि अनेकांना त्याचा फायदा होतो. सर्वांना सारखा होत नाही, कारण क्षमता सारखी नसते. चालू औषधे परस्पर बंद करून केवळ संमोहनावर विसंबणे धोक्याचे. विसरलेल्या गोष्टी आठवण्यासाठी संमोहन घेणेही धोक्याचे, कारण त्या अवस्थेत मन नसलेल्या आठवणीही तयार करते.

फारियांना न्याय मिळायला वेळ लागला. १९०६ मध्ये गोमंतकीय डॉक्टर दानियल जेलासियु दालगादु यांनी त्यांचे चरित्र पॅरिसमध्ये छापले आणि विस्मरणात गेलेला ग्रंथही पुन्हा प्रकाशात आणला. १९२५ मध्ये पोर्तुगालचे मेंदूविकारतज्ज्ञ एगास मोनिझ यांनी संमोहनाच्या इतिहासातल्या त्यांच्या स्थानावर पुस्तक लिहिले. मग पणजीचा पुतळा आला. पुढच्या वेळी त्याच्यासमोर उभे राहाल तेव्हा पसरलेल्या हातांवरून नजर काढून मागे कलंडणाऱ्या त्या स्त्रीकडेही नीट पाहा. जे काही घडते आहे ते तिच्या मनात घडते आहे, हेच सांगण्यात त्या माणसाची शेवटची वर्षे गेली.